वादळात आणि किनाऱ्यावरही

संकटसमयी अल्लाहला हाक मारणे हे ईमानाचे लक्षण मानले जाते. परंतु दिव्य कुरआनचे लक्षपूर्वक अध्ययन केले असता ध्यानात येते की, ही हाक केवळ श्रद्धावंतांचीच नसते. सूरह यूनुसमध्ये (१०:२२-२३) एका जहाजाचे वर्णन आले आहे. वारा अनुकूल आहे, प्रवासी आनंदात आहेत. अकस्मात वादळ उठते, चहूकडून लाटा येऊ लागतात आणि आता सुटका नाही अशी त्यांची खात्री पटते. त्या क्षणी ते एकट्या अल्लाहचा धावा करतात आणि वाचलो तर कृतज्ञ राहू, असे वचन देतात. अल्लाह त्यांना वाचवतो. मात्र जमिनीवर येताच ते पुन्हा अन्यायाच्या वाटेला लागतात. सूरह अन्कबूतमध्ये (२९:६५) म्हटले आहे की, किनारा गाठताच ते पुन्हा शिर्क करू लागतात.

तात्पर्य, लाटांमध्ये अल्लाहला पुकारणे हा मानवाचा स्वभावच आहे. ईमानाची खरी कसोटी किनाऱ्यावर लागते.

ह. इक्रिमा (रजि.) यांचा बोध

इक्रिमा हे अबू जहलचे पुत्र. पित्याप्रमाणेच त्यांनीही दीर्घकाळ इस्लामशी वैर केले. हिजरी सन ८ (इ.स. ६३०) मध्ये मक्केवर विजय मिळाला, तेव्हा ते पळून जाऊन जहाजात बसले. समुद्रात वादळ झाले. सुनन नसाईतील हदीसनुसार, आता निखळ मनाने अल्लाहलाच पुकारा, तुमची दैवते येथे कामी येणार नाहीत, असे जहाजावरील लोक सांगू लागले. त्यावर इक्रिमा यांनी जाणले की, समुद्रात ज्याच्यावाचून कोणी तारणारा नाही, त्याच्यावाचून जमिनीवरही कोणी तारणारा असू शकत नाही. वाचलो तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे जाऊन त्यांच्या हाती हात देईन, असे वचन त्यांनी अल्लाहला दिले. ते परतले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे शामच्या मोहिमेत त्यांना हौतात्म्य लाभले.

वादळ तेच, हाकही तीच. फरक एवढाच की, समुद्रात उमगलेले सत्य त्यांनी जमिनीवर विसरू दिले नाही.

ह. यूनुस (अ.) यांची प्रार्थना

माशाच्या पोटातील अंधारात ह. यूनुस (अ.) यांनी केलेली प्रार्थना (२१:८७) आपल्या घरोघरी पठण केली जाते. तिच्यात अल्लाहखेरीज कोणी उपास्य नसल्याची ग्वाही आहे, त्याच्या पावित्र्याचे वर्णन आहे आणि स्वतःच्या चुकीची कबुली आहे. सुटकेची मागणी शब्दांत कोठेही नाही. तरीही अल्लाहने त्यांची सुटका केली आणि श्रद्धावंतांनाही आम्ही अशीच मुक्ती देतो, असे पुढील आयतीत आश्वासन दिले. सूरह साफ्फातमध्ये (३७:१४३-१४४) आणखी एक गोष्ट सांगितली आहे: ते अल्लाहची तस्बीह करणाऱ्यांपैकी नसते, तर पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत तेथेच राहिले असते. अनेक भाष्यकारांच्या मते हा निर्देश त्यांच्या सुखाच्या काळातील उपासनेकडे आहे. सुखात अल्लाहची ओळख ठेवा, तो संकटात तुमची ओळख ठेवील, या आशयाची शिकवण प्रेषितांनी (स.) ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बालवयातच दिली होती.

आपली वादळे

आजारपण, कर्ज, बेकारी, घरातील कलह ही आपली वादळे होत. रुग्णालयाच्या दाराशी ओठांवर तस्बीह असते. रुग्ण बरा होऊन घरी आला की काही दिवसांतच फज्रची नमाज सुटू लागते. कर्ज फिटेपर्यंत अश्रू ढाळणारा माणूस हाती पैसा येताच जकातीचा हिशेब टाळतो. अशा वेळी आपण कोणत्या जहाजातील प्रवासी आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

अल्लाहकडे वळणे म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. ह. याकूब (अ.) यांनी आपले दुःख केवळ अल्लाहपाशी मांडले आणि त्याच वेळी पुत्रांना यूसुफ (अ.) यांच्या शोधास जाण्याची आज्ञाही दिली (१२:८६-८७). औषधोपचार करावेत, सल्ला घ्यावा, कष्ट करावेत. आणि कुरआनने शिकविल्याप्रमाणे (२:१५३) सब्र व नमाजद्वारे मदत मागावी.

मागितलेले तत्काळ मिळाले नाही, तरी दुआ वाया जात नाही. हदीसनुसार तिचे फळ या जगात मिळते, किंवा परलोकासाठी राखून ठेवले जाते, किंवा तिच्याएवढे एखादे अरिष्ट टळते. म्हणून दुआचे यश केवळ संकट टळण्यावर मोजू नये. संकटाने आपल्याला ज्याच्या दारी आणले, त्या दारी आपण पुढेही उभे राहिलो काय, हे पाहावे.

अल्लाह आपणा सर्वांना वादळात आणि किनाऱ्यावरही त्याचेच स्मरण ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.