जुना लॅपटॉप: सांगितलेला भाव आणि पडलेली किंमत

दुकानदार १६,५०० म्हणतो. बिल हवं असेल तर वर १८ टक्के, म्हणजे २,९७० रुपये. विंडोज टाकायचे हजार. चार्जर ९००. बॅग ‘तुमच्यासाठी फक्त सहाशेत’. तुम्ही घरी पोहोचता तेव्हा २१,९७० गेलेले असतात. यातलं काय द्यायचं आणि काय नाही, हे दुकानाची पायरी चढण्याआधी ठरलेलं बरं.

आधी माझं मत सांगतो. घरात कोणी बीसीएला किंवा डिप्लोमाला लागलं असेल, किंवा तुम्हालाच चाळिशीत पायथनची हौस आली असेल, तर तीस हजारांचा नवा लॅपटॉप घेऊ नका. त्या किमतीत नवा म्हणजे बहुधा मंद प्रोसेसर, बोर्डावरच सोल्डर केलेली रॅम आणि लवकर सैल होणारं बिजागर. त्याच्या निम्म्या-पाऊण पैशांत कंपनीच्या ऑफिसातून निघालेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक मिळतो. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून अख्खा लॉट काढून टाकतात. कीबोर्ड चांगला, सांगाडा दणकट, सुटे भाग सहज मिळणारे. कोड लिहायला एवढं पुरतं.

अपवाद दोनच. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम हेच मुख्य काम असेल तर हा मार्ग तुमचा नाही. आणि कॉलेज ‘मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्डवाला घ्या’ म्हणत असेल, तर साठ-सत्तर हजार काढण्याआधी गूगल कोलॅब वापरून बघा. ब्राउझरमध्ये चालतं, मर्यादित वापराला फुकट आहे आणि अभ्यासक्रमातल्या बहुतेक प्रयोगांना पुरतं.

कोणता मागायचा

इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची. त्याखाली उतरू नका, कितीही स्वस्त असला तरी. कारण सरळ आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशिनवरही दुकानदार ते जुगाड करून बसवून दाखवेल. मोठा अपडेट आला की काय होईल, याची हमी मात्र तो देणार नाही.

पिढी ओळखायची कशी? स्टिकरवर नाही, मॉडेल क्रमांकात. आय५-८२५०यू मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय७-६६००यू म्हणजे सहावी. इथेच गिऱ्हाईक फसतं. ‘आय७ आहे साहेब, त्याच भावात’ असं म्हणून सहाव्या पिढीचा माल पुढे सरकवला जातो. त्या आय७ मध्ये दोनच कोअर आहेत, आठव्या पिढीच्या आय५ मध्ये चार. नाव मोठं, लक्षण खोटं. एएमडी असेल तर रायझन २००० च्या खालचा नको, आणि दुकानातच मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो क्रमांक शोधा.

मॉडेलं लक्षात ठेवायला सोपी अशी तीन: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५. तिन्हींतही रॅमची पट्टी बदलता येते. सडपातळ मॉडेलांत, उदाहरणार्थ थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये, रॅम बोर्डावरच असते. आज ८ जीबी घेतली तर जन्मभर ८ जीबी. मॅकबुकचंही तेच. एम१ पासून पुढे रॅम आणि स्टोरेज, काहीच वाढवता येत नाही.

पडद्याबद्दल एक प्रश्न विचाराच: फुल एचडी आहे ना? अशा काही मॉडेलांत १३६६ बाय ७६८ चे फिकट पडदेही आलेत. कोडच्या ओळी त्यात मावत नाहीत आणि बाजूने पाहिलं की रंग उडतात. हजार रुपये कमी केले तरी घेऊ नका.

किती द्यायचे

आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी: साधारण १५ ते २० हजार. दहावी-अकरावी पिढी आणि १६ जीबी: २२ ते ३० हजार. हा बाजारातला अंदाज आहे, घासाघीस धरून. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांना कायदेशीर अर्थ काही नाही. प्रत्येक दुकानाची प्रतवारी वेगळी. ओरखडे असलेला पण आतून धडधाकट बी ग्रेड मिळाला तर खुशाल घ्या, दोन हजार वाचतात.

पूर्वी मी सांगायचो, ८ जीबीचा घ्या आणि रॅम नंतर वाढवा. आता नाही सांगत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि चिप बनवणारे तिकडे वळले. दीड-दोन हजारांत मिळणारी ८ जीबीची पट्टी दुपटीच्या वर गेली. म्हणून १६ जीबी आधीच बसवलेला मिळत असेल तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजायला हरकत नाही.

हे वरचे पैसे कशाचे?

विंडोजचे हजार. हे देऊ नका. ऑफिसातून निघालेल्या या मॉडेलांत बहुतेक वेळा विंडोज प्रोचा परवाना मदरबोर्डातच नोंदवलेला असतो. विंडोज पुन्हा टाकलं की इंटरनेटला जोडताच ते स्वतःहून ॲक्टिव्हेट होतं. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसलं की विषय संपला. आणि परवाना नसेल तर? मग हजार रुपयांत मिळणारं विंडोज अस्सल नसतंच. ते क्रॅक असतं आणि क्रॅकबरोबर काय आलंय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. अशा वेळी लिनक्स मिंट टाका. शून्य रुपये, अर्धा तास. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला तर ते जास्तच सोयीचं.

ऑफिसचे पाचशे. नकोत. लिबरऑफिस फुकट आहे. कॉलेजने ईमेल दिला असेल तर वर्ड-एक्सेलची वेब आवृत्तीही बहुधा फुकट मिळते. व्हीएस कोड फुकट. गिटहबचा विद्यार्थ्यांसाठीचा संच फुकट, त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र लागतं.

अँटिव्हायरसचे सातशे. विंडोजबरोबर डिफेंडर येतो, घरच्या वापराला पुरेसा आहे. दुकानाला या डब्यांवर कमिशन सुटतं, म्हणून आग्रह.

‘मराठी सॉफ्टवेअर’चे तीनशे. हे ऐकलं की मला अजून हसू येतं. विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कीबोर्डही आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा, दोन मिनिटांचं काम. मुक्त, बलू यांसारखे युनिकोड फॉन्ट फुकट उतरवता येतात.

चार्जरचे ९००. इथे जरा थांबा. चार्जर किमतीतच धरलेला असला पाहिजे, हे पहिल्याच वाक्यात बोलून घ्या. फुकटातला हलका, बिननावाचा चार्जर मात्र घेऊ नका. तो तापतो आणि कधी कधी बोर्ड घेऊन जातो. या पिढीतल्या बऱ्याच मॉडेलांना टाइप-सी चालतो. चांगल्या कंपनीचा ६५ वॅटचा घेतला तर फोनलाही होतो.

आता जीएसटी. ‘बिल हवं तर अठरा टक्के वरून’ ही मागणी प्रत्येक वेळी खरी नसते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल, तर त्याला फक्त खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय कायद्यात आहे. तुम्ही या वादात शिरू नका. एकच प्रश्न विचारा: ‘बिलासकट, सगळं धरून शेवटचा आकडा किती?’ आणि बिल सोडून पैसे वाचवू नका. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाशिवाय तुमच्या हातात काहीच उरत नाही.

कार्डावर दोन टक्के मागितले तर यूपीआयने द्या, त्यावर ग्राहकाला शुल्क नाही. ‘जादा वॉरंटी’चे दीड हजार देण्याआधी ती कशावर आहे ते विचारा. बॅटरी, चार्जर, पडदा, कीबोर्ड यांवर नसेल तर उरलं काय? बॅग घरी असतेच.

कुठे, केव्हा

मुंबईत लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा, तिथून चालत. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, शनिवारी संध्याकाळी कोणी तुमच्याकडे बघत नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराला जा. पुण्यात चार्जर, केबल, सुटे भाग यांसाठी तापकीर गल्ली. गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरा. दिल्लीत असाल तर नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड.

पण सांगली-साताऱ्याहून दोन हजार वाचवायला मुंबई गाठू नका. जुनी वस्तू एकदा तरी परत न्यावी लागते. एसटीचं येणं-जाणं आणि बुडालेला दिवस धरला की बचत तिथेच संपते. तासाभरात पोहोचता येईल असं दुकान बघा. ऑनलाइन घेत असाल तर परतीचे दिवस मोजा आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

दुकानातला एक तास

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून न्या. त्यावरून लॅपटॉप सुरू करा. सुरू होताना पासवर्ड मागितला, तर बायॉस लॉक आहे. उठा आणि निघा. ‘नंतर काढून देतो’ यावर विश्वास नको.

मग विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि सलग बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. अहवालात दोन आकडे बघा, मूळ क्षमता आणि आता भरते ती. मूळ ५०,००० आणि आता ३२,००० असेल तर बॅटरी ६४ टक्के उरली. सत्तरच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे दोन-तीन हजार किमतीतून कापून मागा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक बाहेर. दोन्ही तपासा. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन आहे.

प्रत्येक कळ दाबा. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घाला. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, वायफाय. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग बघा. पडदा सोडल्यावर जागेवर राहत नसेल तर बिजागर सैल आहे. तळाचा अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि बायॉसमधल्या क्रमांकाशी जुळवा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा तळ बदललेला असू शकतो.

शेवटची चाचणी कंटाळवाणी आहे, पण तीच टाळणं मला महागात पडलं होतं. मी एक लॅपटॉप घेतला, घरी आणून रीसेट केला, वायफाय जोडलं, तर पडद्यावर कुठल्या तरी अनोळखी कंपनीचं लॉगिन. मशिन अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं होतं. दुकानात तीन खेपा झाल्या. म्हणून रीसेट दुकानातच करून घ्या आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडूनच पुढे जा. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात चहा पिऊन या. मॅक असेल तर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी निघालाय का, हेही असंच कळतं.

कागद

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेल, अनुक्रमांक, रॅम आणि एसएसडी किती, वॉरंटी किती महिन्यांची आणि कशावर. हे सगळं लिहून हवं. ‘तोंडी सांगितलंय ना’ चालत नाही. तुमच्याकडून नाव आणि मोबाइल नंबर पुरे. रोख किंवा यूपीआयने घेताना आधारची प्रत देऊ नका. ओळखीच्या-पाळखीच्या माणसाकडून घेत असाल तर मूळ बिलाची प्रत, सहीची पावती आणि पैसे यूपीआयनेच, म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल असल्याचं ठाऊक असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आठ हजारांत अकराव्या पिढीचा मिळतोय म्हटलं की शंका यायलाच हवी.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असेल तर घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि मुदतच लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा त्याच कायद्याखाली अनुचित प्रथा आहे. आधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. निकाल मात्र लवकर येईल असं धरून चालू नका.

दुकानाची बदलून द्यायची मुदत सात दिवसांची असेल, तर ते सात दिवस लॅपटॉप जपून ठेवू नका. रोज चार-पाच तास चालवा, एकदा बॅटरी पूर्ण उतरवा, तासभर व्हिडिओ कॉल लावून ठेवा. गरम झाल्यावर बंद पडणारा बोर्ड दुकानातल्या पंख्याखाली कळत नाही. तो सहाव्या दिवशी कळला तर दुकानदाराचा, आठव्या दिवशी कळला तर तुमचा.