जन्मतारखेला वेळ नसते

चि. मृण्मयी हिस,


काल फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस की दवाखान्याच्या रुग्णनोंदणीच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख एक दिवस मागे जात होती, म्हणून तू कोडमध्ये एक दिवस मिळवलास, तारीख बरोबर दिसायला लागली आणि तिकीट बंद झालं. ते मिळवणं आधी काढून टाक. का ते नीट सांगता यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोनवर घाईत तू फक्त "हो आत्या" म्हणाली असतीस.

तारीख मागे का जाते ते आधी बघ. रुग्णाने कॅलेंडरमधून १४ ऑगस्ट १९९८ निवडली. जावास्क्रिप्टच्या 'डेट'मध्ये नुसत्या तारखेसाठी वेगळी जागा नाही. ते म्हणजे १ जानेवारी १९७०च्या युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजलेले मिलिसेकंद. त्यामुळे तुझ्या तारखेला त्याने रात्री बाराची वेळ चिकटवली, तीही ब्राउझरच्या स्थानिक घड्याळातली. मग 'टू-आयएसओ-स्ट्रिंग'ने तिचं युटीसी केलं. आपण युटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून १४ तारखेची मध्यरात्र झाली १३ ऑगस्टची संध्याकाळ, १८:३०. सर्व्हरने त्यातली पहिली दहा अक्षरं उचलली आणि तेरा तारीख नोंदवली. प्रत्येक पायरीवर यंत्राने सांगितलं तेच केलं.

आता तुझा उपाय न्यू जर्सीत नेऊन बघ. तिथला मुलगा पुण्यातल्या वडिलांचं नाव नोंदवतो. त्याच्याकडे ऑगस्टमधली मध्यरात्र म्हणजे युटीसीचे पहाटे चार, तारीख तीच. ती मुळात मागे गेलेलीच नाही, आणि तुझ्या कोडने ती एक दिवस पुढे ढकलली. तुमच्या टीममध्ये कुणीतरी सुचवलेला दुसरा उपाय, साडेपाच तास मिळवून घ्यायचे, तोही तपासून बघ. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपण युटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो, आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये 'एशिया/कोलकाता'च्या नोंदीत हे लिहिलेलं आहे. १० जून १९४३ला जन्मलेल्या आजोबांची मध्यरात्र म्हणून युटीसीत ९ जूनची १७:३० होते. त्यात साडेपाच तास मिळवलेस तर रात्रीचे अकरा वाजतात, नऊ तारखेचे. तुमच्या दवाखान्यात ऐंशी ओलांडलेले रुग्णच जास्त येतात, हे विसरू नकोस.

मुळात जन्मतारखेला वेळ नसते आणि टाइमझोनही नसतो. ती कॅलेंडरवरची एक खूण आहे. ती तशीच, वर्ष-महिना-दिवस अशी अक्षरांत पाठव, सर्व्हरवर पायथॉनच्या 'डेट' प्रकारात घे आणि डेटाबेसमध्ये 'डेट' कॉलमात ठेव. वाटेत कुठेही तिला मध्यरात्र चिकटू देऊ नकोस. परत ब्राउझरमध्ये दाखवतानाही जप. नुसत्या '१९९८-०८-१४' अशा अक्षरांवरून जावास्क्रिप्टचं 'डेट' बनवलं, तर ते तिला युटीसीची मध्यरात्र समजतं, आणि मग न्यू जर्सीत तेरा तारीख दिसते.

मला तुला एवढंच शिकवायचं आहे की कोड लिहायच्या आधी समोरची वस्तू कोणत्या जातीची आहे ते ठरव. घडून गेलेला क्षण ही एक जात: पैसे कधी जमा झाले, रिपोर्ट कधी अपलोड झाला. हे क्षण युटीसीत ठेव आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या घड्याळात दाखव. नुसती तारीख ही दुसरी जात. तिसरी जात म्हणजे पुढे ठरलेली भेट, आणि ती सर्वांत अवघड, कारण तिथे एकट्या प्रोग्रामरचं चालत नाही.

डॉक्टर दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता ऑनलाइन भेटणार, आणि न्यू जर्सीतला मुलगाही जोडला जाणार. हिवाळ्यात त्याच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे सरकतात आणि त्याचे दहा होतात. मग भेट कुणाच्या घड्याळाला बांधलेली आहे? डॉक्टरांच्या, की मुलाच्या? याचं उत्तर कुठल्याही लायब्ररीत नाही, दवाखान्याला विचारावं लागेल. ते म्हणाले डॉक्टरांच्या, तर तारीख, '१९:३०' आणि 'एशिया/कोलकाता' हे सगळं एकत्र साठव. पुढच्या भेटी आजच युटीसीत बदलून ठेवू नकोस, कारण घड्याळाचे नियम सरकारं बदलतात आणि कधी कधी फार उशिरा सांगतात. लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये घड्याळं पुढे करायला जेमतेम काही दिवस उरले असताना तो बदल लांबवला आणि नंतर तो निर्णयही मागे घेतला. त्या आठवड्यात एकाच देशात दोन वेळा चालू होत्या. म्हणूनच टाइमझोनचं पॅकेज अद्ययावत ठेवायचं काम कुणाच्या तरी नावावर असू दे. आणि झोनचं पूर्ण नावच लिही. 'आयएसटी' ही तीन अक्षरं भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघेही वापरतात.

तुमच्या सर्व्हरवर पायथॉन आहे म्हणालीस, तर दोन गोष्टी लगेच शोध. पहिली 'यूटीसीनाऊ'. नावात युटीसी असलं तरी ते परत देतं त्या वेळेला कुठलाच झोन जोडलेला नसतो, आणि पुढचं कोड तिला स्थानिक वेळ समजून बसतं. पायथॉन ३.१२ पासून ते वापरू नका असंच सांगितलेलं आहे. 'नाऊ'ला युटीसीचा झोन देऊन बोलाव. दुसरी, जुन्या कोडमधलं 'पायटीझेड' हे टाइमझोनचं पॅकेज. त्यातला 'एशिया/कोलकाता' झोन तारीख बनवतानाच थेट जोडला, तर फरक ५:३० ऐवजी ५:५३ येतो. तेवीस मिनिटं कुठून आली म्हणून माणसं दिवसभर डोकं धरून बसतात. ती आली आहेत कोलकात्याच्या जुन्या स्थानिक वेळेतून, १९०६ साली भारताची प्रमाणवेळ लागू होण्याच्याही आधीच्या. त्या झोनची ती पहिली नोंद आहे आणि थेट जोडल्यावर पहिलीच नोंद हाती येते. पायथॉन ३.९ पासून 'झोनइन्फो' भाषेतच आहे, ते वापर आणि हा प्रश्न कायमचा मिटव.

तुझ्या लॅपटॉपवर भारतीय वेळ आहे, सर्व्हरवर युटीसी. त्यामुळे 'आजच्या भेटी' ही यादी सर्व्हरच्या 'आज'वरून काढलीत, तर रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत रात्रपाळीच्या सिस्टरना कालची यादी दिसेल. ऑफिसच्या वेळेत तपासणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. चाचणीत घड्याळ रात्री दोनवर नेऊन बघ, आणि अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, जेव्हा तिथे रात्रीचा एक ते दोन हा तास दोनदा येतो, तेव्हाही बघ.

तुला इतिहासाची आवड आहे म्हणून आणखी एक सांगते, कामाशी त्याचा संबंध थोडाच आहे. शिवछत्रपतींची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार. त्या तिथीची म्हणून सांगतात त्या १९ फेब्रुवारी १६३०चा वार पायथॉनला विचार, ते मंगळवार सांगेल. ही तारीख ज्युलियन गणनेतली आहे आणि पायथॉन मात्र आजची ग्रेगोरियन गणना थेट इसवी सन १ पर्यंत मागे ओढतं. मध्ये दहा दिवसांचं अंतर आहे. १ मार्च १६३० विचारलीस की शुक्रवार मिळतो. तारखेबरोबर ती कोणत्या गणनेतली आहे हेही हातात असावं लागतं, हे मला इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता सर्वांत निकडीचं. तुमच्या डेटाबेसमध्ये आज चुकीच्या जन्मतारखा पडून आहेत आणि त्या एकाच प्रकारे चुकलेल्या नाहीत. तुझा बदल चढण्याआधी भारतातून भरलेल्या नोंदी एक दिवस मागे आहेत, अमेरिकेतून भरलेल्या बरोबर आहेत. बदल चढल्यानंतर भारतातल्या बरोबर आणि अमेरिकेतल्या एक दिवस पुढे. सरसकट एक दिवस मिळवून किंवा वजा करून हे सुटणार नाही. विम्याच्या दाव्यात नाव आणि जन्मतारीख जुळली नाही तर त्रास त्या म्हाताऱ्या माणसाला होतो, आपल्याला नाही, म्हणून कंटाळा करू नकोस. आधी बॅकअप घे. बदल सर्व्हरवर नेमका कधी चढला ती वेळ काढ आणि प्रत्येक नोंद कधी तयार झाली ते तिच्याशी ताडून बघ. नोंद कुठून भरली हे लॉगमध्ये मिळालं तर उत्तम. जिथे कळत नाही, तिथे अंदाजाने काही बदलू नकोस. त्या नोंदींची वेगळी यादी करून दवाखान्याला दे आणि रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा ओळखपत्रावरून तपासून घ्यायला सांग. तुमच्या टीम लीडला हे आजच सांग, सोमवारची वाट बघू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या