करप्याची पहाट आणि लेसरचा किरण

पौषातल्या एखाद्या पहाटे देवळ्याच्या शिवारावर धुके उतरते, कांद्याच्या पातीवर दव साचते आणि करप्याच्या धास्तीने शेतकरी औषधाचा पंप पाठीला लावून बांधावर उभा राहतो, तेव्हा हवेत बाष्प किती आणि ते कोठवर पसरले आहे, हा प्रश्न त्याच्यापुरता पुस्तकी राहत नाही. ह्याच प्रश्नाचे उत्तर जमिनीवरून प्रकाशाच्या साहाय्याने शोधणारी एक विद्या आहे. आणि बारावीच्या निकालानंतर वैद्यकी व अभियांत्रिकी ह्या दोनच दारांशी ताटकळणाऱ्या पालकांनी तिची निदान चौकशी करावी, अशी माझी कळकळीची शिफारस आहे.

ह्या विद्येत वापरतात त्या यंत्रास लायडार म्हणतात. लेसरचा क्षणिक झोत आकाशात सोडला, की एक किलोमीटर उंचीवरून विखुरलेला प्रकाश सेकंदाच्या सुमारे दीडलाखाव्या भागात परततो, आणि त्या विलंबावरून उंची कळते. बाष्प मोजावयाचे तर अगदी लगतच्या दोन तरंगलांबी योजतात. एक बाष्पात शोषली जाते, दुसरी बहुतांशी निसटते, आणि परतलेल्या दोहोंच्या तफावतीतून बाष्पाचा हिशेब निघतो. सारी भिस्त मूळ लेसरवर, कारण त्याची तरंगलांबी किंचित ढळली तरी हा हिशेब फसतो. तापमानासाठी १९२८ साली रामन यांनी कलकत्त्यास शोधलेला परिणाम कामी येतो : हवेच्या रेणूंवरून रंग बदलून आलेल्या प्रकाशाच्या निरनिराळ्या रेषांची तीव्रता उष्णतेनुसार बदलते.

हे सारे परदेशीच आहे असे समजू नये. पुण्यास पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून अर्गॉन लेसरच्या लायडारने हवेतील सूक्ष्म कणांचा अभ्यास झाला आहे.

मार्ग लांबचा आहे, हे पालकांपासून लपवू नये. भौतिकशास्त्र व गणित घेऊन पदवी, पुढे एम.एस्सी. आणि संशोधन, अशी आठ-दहा वर्षे सहज जातात, आणि जागाही मोजक्याच. परंतु नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे संशोधनाच्या काळात घरावर बोजा पडत नाही. ज्या मुलास वा मुलीस आरशाचा कोन पुनःपुन्हा जुळवताना कंटाळा येत नाही, त्याने किंवा तिने ह्या वाटेस खुशाल लागावे. केवळ हुद्द्याच्या मोहाने मात्र लागू नये.

प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची एकदा गाठ घ्या, आणि जाताना पाल्यास बरोबर न्या.