मार्चची बिलं डिसेंबरात

पुण्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईंना ती मीटिंग आठवली की अजूनही राग आवरत नाही. बाहेरच्या कंपनीने पॉवर बीआयमध्ये करून दिलेल्या रिपोर्टात मार्चची विक्री लेजरशी जुळत नव्हती. सगळ्यांसमोर कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा डेटाच क्लीन नाहीये." साहेबांनीही मान डोलावली.

बाईंनी मग ग्राफ बाजूला ठेवून एकेक ओळ दाखवणारा तक्ता उघडला. बिलं मार्चचीच होती, पण तारखा होत्या ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३ मे, अशा थेट ३ डिसेंबरपर्यंत. बाराही महिन्यांत फक्त ३ तारीख! कोडं तिथेच सुटलं. ०५/०३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च. रिपोर्टाच्या फाइलचं लोकेल (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते सेटिंग) अमेरिकेचं होतं, म्हणून फाइलने ते ३ मे असं वाचलं.

आणि १३ तारखेपासूनची बिलं? तेरावा महिना नसल्यामुळे तिथे एरर यायला हवी. ती आलीही होती. पण कंपनीच्या माणसाने 'रिमूव्ह एरर्स'ची पायरी टाकून त्या सगळ्या ओळी उडवल्या होत्या. निम्म्याहून जास्त महिना गायब आणि बोल मात्र बाईंच्या फाइलींना! सेटिंग कुणाचंही चुकू शकतं. चुकीची खूणच पुसून समोरच्याला खोटं पाडणं अक्षम्य आहे. कंपनीने माफी मागितली नाही, 'फिक्स केलंय' एवढाच मेल आला.

असं काम करून घेणाऱ्यांना बाई आता बजावून सांगतात : तारखेच्या कॉलमवर 'चेंज टाइप' मधलं 'यूझिंग लोकेल' वापरून 'इंग्लिश (इंडिया)' निवडा. त्याआधी पॉवर बीआयमधल्या पॉवर क्वेरीने आपणहून टाकलेली 'चेंज्ड टाइप' पायरी काढा. ती राहिली तर तारखा आधीच उलटलेल्या असतात आणि नंतरचं लोकेल काही कामाचं उरत नाही. टाइप आपोआप ओळखण्याची सोय बंदच केलेली बरी. अशाच आपोआप ओळखण्यापायी एक्सेल मार्च१, सेप्ट१ या जनुकांच्या नावांच्या तारखा करत असे. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांनी ती नावंच बदलली.

आकड्यांचंही तसंच. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. तिथल्या फाइलमधले १२,५० युरो अमेरिकन लोकेलवर १२५० होतात, आणि एररही येत नाही. जावावर चालणाऱ्या साधनांत मराठी लोकेल ठेवलं, तर जावा ९ पासून आकडे देवनागरीत छापले जातात. माणसाला ते वाचायला छान, पण पुढच्या सिस्टिमला ते आकडे वाटतीलच असं नाही. त्यामुळे एका सिस्टिममधून दुसरीत जाणाऱ्या फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवावी आणि हे करारात लिहून घ्यावं.

चाचणीची फाइल देताना तिच्यात १२ नंतरच्या तारखा आवर्जून घाला. आणि रिपोर्ट ताब्यात घेताना पायऱ्यांची यादी उघडून बघा. तिथे 'रिमूव्ह एरर्स' दिसलं, तर किती ओळी गळल्या याचा हिशेब मिळेपर्यंत बिल पास करू नका.