स्लो कुकरमधलं मटण: नातीसाठी कानमंत्र

पोरी, तुझा स्लो कुकर म्हणजे आमच्या चुलीवरचा मंद जाळच. फक्त त्याला भाजता येत नाही. ते काम आधी गॅसवर उरकून घेतलंस, तर आपल्या वारूळवाडीच्या रश्शाची चव तुझ्याकडेही उतरेल.

दोन मोठे कांदे जाळावर काळपट होईस्तोवर भाज. अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस कर. लसूण, कोथिंबीर, चमचाभर तीळ घालून अगदी बारीक वाट. भांड्यात कच्चाच कांदा ढकललास तर आठ तासांनीही रस्सा कच्चट लागतो.

किलोभर मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळ आणि जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर परत. आधी त्याचं अंगचं पाणी सुटेल, मग आटेल, तुकडे बुडाला चिकटू लागतील. तिथवर धीर धर. मग वाटण, मिरचीपूड आणि घरचा काळा मसाला घालून कडेनं तेल सुटेपर्यंत हलव. बुडाला धरलेलं गरम पाण्यानं खरवडून घे, खरी चव तिथंच असते. मग सगळं स्लो कुकरमध्ये ओत.

आता पाणी. चुलीवर आम्ही टोपावर पाण्याचं ताट झाकतो. वाफ त्याला लागून निवते, थेंब परत रश्शात पडतात आणि ताटातलं तापलेलं पाणी लागेल तसं आत ओतता येतं. तुझ्या भांड्यातून वाफ फारशी जातच नाही, म्हणून पाणी नेहमीच्या निम्मं घाल, तेही कडकडीत. गोठलेलं मटण थेट टाकू नकोस. ते तापायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात मांस बिघडू शकतं. झाकण सारखं उघडू नकोस.

मंदवर सात-आठ तास, मोठ्यावर चार. तुझ्याकडचं कोकरू आपल्या बोकडापेक्षा कोवळं, तेव्हा तासभर आधीच एक तुकडा दाबून बघ. खांदा आणि नळी घे; बिनहाडाची मांडी कोरडी पडते.

नारायणगावचा टोमॅटो बाजार आमच्या दाराशी आहे, तरी या रश्शात मी टोमॅटो घालत नाही. त्याचं पाणी सुटतं आणि मसाला मागे पडतो.

शेवटी कढल्यात तेल तापवून गॅस बंद कर, मिरचीपूड टाक आणि लगेच रश्शावर ओत. तर्री तेव्हाच येते. मीठही तेव्हाच चाख. सोबत बाजरीची भाकरी कर, पण पीठ जुनं असेल तर कडू लागेल. मग सरळ भात लाव.