गोल अळंबी दिसली तर आधी उभी चिरा

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या पाड्याजवळ निलगिरीची जुनी लागवड आहे. पावसाळ्यात तिच्या मुळांशी लिंबाएवढे पिवळसर गोळे वर येतात. शेजारी आलेल्या पाहुण्यांनी ते वेचले आणि न उमललेली अळंबी समजून त्यांचं कालवण केलं. जेवणानंतर थोड्याच वेळात उलट्या, पोटात मुरडा, दरदरून घाम. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून सगळे वाचले. उरलेला एक गोळा मी चिरून पाहिला. साल जाड, आतला गर जांभळट काळा. हे स्क्लेरोडर्मा, विषारी.

आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी बायका वारुळावरची अळंबी अचूक ओळखतात. जागा, हंगाम, छत्रीचं टोक, वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं लांब मूळ, सगळं त्या पाहतात. बाजारात पानांत बांधून येते ती हीच, आणि तिच्याबाबत माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण गोळ्याला ना छत्री, ना देठ. तिथे ही पारख चालत नाही.

म्हणून गोळा वरून खाली उभा चिरायचा. खाण्याजोगा कोवळा पफबॉल आत पनीरसारखा पांढराशुभ्र आणि एकसारखा असतो. पिवळट वा काळपट छटा दिसली की फेकून द्या. पांढऱ्या गरात इवल्या छत्रीची आकृती दिसली तर जास्तच सावध व्हा. ती अमानिटाची न उमललेली कळी असू शकते. तिच्या काही जातींचं विष शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात, मधे बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली अळंबी चालते, या समजुतींवर कुणाचाही जीव टांगू नका.

सुकलेले गोळे पोरं पायानं फोडतात, धूर उडाल्याची मजा वाटते. ती भुकटी नाकातोंडात भरपूर गेली तर फुप्फुसांना सूज येते. पोरांना तिथून हटवा.

पांढराशुभ्र निघालेला गोळाही जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. कुणी खाल्लाच, तर त्रासाची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे सोबत न्या.