आवाजाची वेळ धर

पोरी, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी विचित्र आवाज करते म्हणतेस, आणि गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायला निघालाय. थांबव त्याला. आमच्या वस्तादांनी पहिल्यांदा शिकवलं होतं तेच तुला सांगतो. आवाज कुठून येतो हे नंतर बघायचं, तो कधी येतो आणि कधी जातो हे आधी. पुढच्या चाकातला आवाज पत्र्यातून फिरून सीटखाली ऐकू येतो, त्यामुळे जागेच्या बाबतीत कान फसतो. वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही.

गाडी सपाटीला उभी कर, हँडब्रेक ओढ, न्यूट्रलमध्ये टाक आणि हळूहळू रेस दे. उभ्या गाडीत आवाज आला, तर चाकं आणि अ‍ॅक्सल सुटले. बेल्ट, सायलेन्सर, इंजिन, फार तर क्लच-गिअरबॉक्स उरलं. आला नाही, तर त्याला ओझं तरी हवंय किंवा चाकांचं फिरणं तरी.

मग मोकळ्या सरळ रस्त्याला जा. काच खाली, रेडिओ आणि एसी बंद, डिकीतला जॅक-पाना घट्ट बांधलेला. ४० च्या वेगाने आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालव, मग तोच वेग ठेवून चौथ्यात. गिअर बदलल्यावर सूर खाली उतरला, तर आवाज इंजिनच्या फिरण्याशी बांधलेला आहे. सूर तसाच राहिला, तर तो चाकांशी बांधलेला आहे. या एका चाचणीने अर्धी गाडी उघडायची वाचते, म्हणून ती टाळू नकोस.

चाकांकडचा निघाला तर आधी टायर बघ. खाचेत अडकलेला खडासुद्धा वेगाबरोबर टकटक वाढवत नेतो. घुंऽऽ असा सलग आवाज वेगाबरोबर चढत असेल तर बेअरिंगचा संशय धर. डावीकडच्या लांब वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तिथे आवाज वाढला तर बहुतेक उजव्या बाजूचं बेअरिंग गेलंय. उजव्या वळणावर उलट.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पिकअप घेताना कटकटकट आलं, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर जोर दिला की गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, तर आतला. दोन्हीकडे रबरी बूट असतो. वाकून बघ, तो फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटल्याचं लवकर कळलं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पावसाळाभर तसंच चालवलं की माती-पाणी आत जाऊन जॉइंटच खातं. दर सर्व्हिसिंगला बूट दाखवायला सांगत जा.

इंजिनकडचा असेल तर यादी लांब आहे, पण तुझा रस्ता आंबा घाटाचा, म्हणून एक नीट ऐक. चढावर वरच्याच गिअरमध्ये रेटलंस आणि डब्यात छर्रे हलवल्यासारखी किणकिण आली, तर ते नॉकिंग. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ताब्यात न राहता आपोआप पेटतंय. लगेच गिअर खाली घे; किणकिण थांबली तर खात्री झाली. कारण साचलेला कार्बन असेल, खराब पेट्रोल किंवा जास्त तापलेलं इंजिन. ते शोधून काढायला हवं, कारण महिनोन्‌महिने असं चाललं तर पिस्टन फुटू शकतो.

चिर्रर्र असा आवाज म्हणजे बहुधा बेल्ट. गाडी सोडताना किंवा पाय काढताना धप्प झालं तर माउंटिंग. फुसफुस येते आणि गाडीची ओढही कमी झाली, शिवाय टर्बोची डिझेल गाडी असेल, तर होजपाइप कुठे सुटलाय का बघायला सांग. आणि सर्व्हिसिंगहून आल्या आल्या घुरघुर सुरू झाली असेल, तर एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा आधी तपास.

क्लच दाबल्यावरच येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, क्लच दाबल्यावर जाणारा गिअरबॉक्सकडचा. गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा इथपर्यंत आल्यावर करायची.

दोन आवाजांना मात्र चाचण्या करत बसू नकोस. थंड इंजिनवर जोर दिला की टिकटिक, आणि गरम झाल्यावर कमी, हे बऱ्याचदा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर निसटण्याचं लक्षण. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाडीत डोकं जड झालं तर बाजूला घे, उतर, मुलांना आधी उतरव. दुसरा म्हणजे इंजिनच्या पोटातून रेसबरोबर वाढणारा जड ठोका, त्यातही ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर. तिथेच इंजिन बंद कर. थोडं थांबून डिपस्टिक बघ आणि गाडी ओढून ने. घर २ किलोमीटरवर असलं तरी चालवत नेऊ नकोस, तेवढ्या अंतरात इंजिन कायमचं जाम होऊ शकतं.

आणि बॉनेट उघडून कुणाला ऐकायला उभं केलंस, तर बाजूला उभं कर, गाडीसमोर कधीच नाही. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस बेल्टपासून लांब.

गॅरेजात गेल्यावर पार्टचं नाव घेऊ नकोस. नाव घेतलं की तोच पार्ट बदलला जातो. कागदावर लिहून ने: थंड की गरम, कोणता गिअर, किती वेग, चढ की सपाटी, पाय दाबल्यावर की सोडल्यावर. मेस्त्रीला शेजारी बसवून आवाज त्याच्या कानावर घाल. काम झाल्यावर जुना पार्ट मागून बघ, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये ट्रायल घे.